अनवाणी फोटो

“मॅडम, चप्पल काढून रांगेत बसा बरं.”

गेवराईच्या मंगल कार्यालयात, भर स्टेजवर, भरल्या सभागृहासमोर मला हे सांगितलं गेलं. सांगणारे दादा. म्हणजे देणगीदार. जमीन भरपूर, कार्यकर्ते त्याहून भरपूर.

मी शिरूर कासारच्या एका वसतिगृहासाठी निधी गोळा करते. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांच्या मुली आमच्याकडे राहतात, शाळा करतात. त्यांच्या हंगामभराच्या जेवणाचं दादांनी कबूल केलं होतं. तसं पत्र त्यांच्या खिशात होतं, सही कार्यक्रमानंतर. जेवण नाही तर वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही तर मुली आईबापांसोबत उसाच्या फडात. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला आठ दिवस उरले होते.

त्या दिवशी फक्त ब्लँकेटं वाटायची होती. बॅनरवर दादांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा. मुलींचा उल्लेख तळाशी, मंडपवाल्याच्या नावाच्या जरासा वर. आधी सत्कार झाले. शाली कमी पडल्या म्हणून एकच शाल तीन खांद्यांवरून फिरली. तिसऱ्याला ती गरमच मिळाली असणार.

मग फोटो. बॅनरवर पंचवीस मुली छापल्या होत्या. एकीला ताप आला होता, ती आली नव्हती.

“दादा, एक कमी पडायलीय,” फोटोग्राफर म्हणाला.

दादांनी इकडंतिकडं पाहिलं. नजर माझ्यावर थांबली. “मॅडम, तुमी बी तोडवाल्याच्याच ना? बसा मंग. पोरी अनवाणी अन् तुमी सँडलवर, बरं दिसत न्हाई.”

लोक हसले. आमचे सचिव हसले. मीही हसले. देणाऱ्याच्या विनोदाला हसायचं, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. पगारात धरलेलं असतं.

खरं तेच लिहिते. मी बसणार होते. वाकले होते. सँडलच्या पट्ट्याला हात लागला होता. पंचवीस ताटांपुढे माझा मान केवढा?

तेवढ्यात डोक्यात आलं, पोरी अनवाणी कशा? सकाळी जीपमध्ये चढताना सगळ्यांच्या पायांत चपला होत्या. मी पाहिल्या होत्या. आता स्टेजमागच्या पडद्याखाली त्या जोडीनं लावून ठेवलेल्या दिसल्या. त्या दिवशी कुणीही सांगितलं नव्हतं. रांगेत पहिली बसलेली मनीषा, चौथीतली, माझा कुर्ता ओढून कुजबुजली, “बाई, कॅमेरा हाय. काढा लवकर.”

कॅमेरा दिसला की चप्पल काढायची. हे तिला मीच शिकवलं होतं.

आदल्या वर्षी पुण्यात आमचं प्रशिक्षण झालं. एसी हॉल, तीन प्रकारची बिस्किटं. तिथं सांगितलं, आकडे कुणी वाचत नाही, पाय दाखवा. परत आले आणि मनीषाला म्हणाले, “चप्पल काढ गं जरा. मातीत उभी राहा.” ती राहिली. आवाहनपत्रावर फक्त तिचे पाय छापले. देणग्या आल्या. मला बढती मिळाली. तिनं ही रीत बाकीच्या मुलींना शिकवली असणार. हुशार आहे.

माझं लहानपण फडात गेलं. उसाच्या पाचटानं कापलेले पाय घेऊन मी शाळेत बसायचे, फ्रॉक ओढून झाकून घ्यायचे. त्या पायांची मला लाज वाटायची. मोठी झाले, शिकले, आणि तसलेच दुसरीचे पाय फोटोत काढून विकले. दादांनी वेगळं काय केलं? मी काढलेलाच फोटो त्यांनी मोठा करून मागितला.

मी सरळ उभी राहिले. “मनीषा, चप्पल घाल.”

“अन् फोटो, बाई?”

“चपलेसकट निघंल. सगळ्याजणी घाला.”

फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला. “थांब बे,” दादा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “मॅडम, कावून तमाशा करायल्या? देणारा कोण हाय हितं?”

“तुम्ही आहात, दादा. घेणाऱ्या आम्ही. चप्पल घालून घेऊ.”

माईक चालू होता.

दादा उठले. पत्र खिशातच राहिलं. ब्लँकेटं पुन्हा टेम्पोत चढली. मागं उरला तो बॅनर.

जीपमध्ये सचिव एवढंच बोलले, “दोन मिनिटं बसली असतीस तर?” संध्याकाळी मनीषाची आई वसतिगृहाच्या दारात उभी राहिली.

“मंग पोरगी नेऊ का संगं?”

“थोडं थांबा.”

“टोळीचा मुकादम थांबत न्हाई, बाई. मी कशी थांबू?”

आज तिसरा दिवस. त्या पायांचा फोटो मी आवाहनपत्रावरून काढला, संगणकातून काढला. सचिवांना सांगितलं, तो पुन्हा छापला तर माझी खुर्ची रिकामी समजा. झोप नाही. मुलींचं जेवण अजून मिळालेलं नाही. मिळेलच असं मी मनीषाच्या आईला सांगितलेलं नाही, इथंही सांगणार नाही.

पण मागणं सोडणार नाही. ते माझं काम आहे आणि ते मला येतं. उद्या सिरसाळ्याच्या व्यापाऱ्यांकडे जाते. परवा मुकादमांकडे, त्यांच्याच टोळ्यांच्या मुली आहेत. कुणीच मदतीला उभं राहिलं नाही तर पुन्हा दादांच्या दारात. तिथं उंबऱ्यापाशी सँडल काढीन, घराची रीत आहे. कॅमेऱ्यापुढं काढणार नाही. मी नाही, आणि माझ्या सांगण्यावरून दुसरी कुणी नाही.