केबलमावशी आणि लांबचं स्टेशन

कोणाच्याही घरी गेली की केबलमावशी बेल वाजवण्याआधी छपराकडे बघायची. हातात डबा, खांद्यावरून घसरणारी शाल आणि मान पार मागे. लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या आमच्या रस्त्यावर टीव्हीच्या सगळ्या एरियल एकाच दिशेला तोंड करून असत. एखादी वेगळीकडे वळलेली दिसली की तिचा चेहरा उजळायचा. "बघ, या घरातल्या माणसाला लंडनच्या बातम्या नकोत. त्याचं कोणीतरी दुसऱ्या गावात आहे!" आई आतून ओरडायची, "अगं, आधी आत ये, चहा गार होतोय."

ती आईची मैत्रीण, राहायला जवळच पिनरला. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून सांगलीहून आली. पण इंजिनिअरिंगची पदवी तिने पेटीत घालून ठेवली नाही. टीव्हीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळात ती लागली आणि कुठल्या केबल कंपनीने कुठल्या गावात कुठलं स्टेशन दाखवायचं हे ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख झाली. हळदीकुंकवालासुद्धा हेच विषय. म्हणून आमच्या सगळ्या हॅरो भागात तिचं नाव पडलं केबलमावशी.

युनिव्हर्सिटी संपल्यावर मी तिच्याच विभागात लागले. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "घरी मी मावशी. इथे तुझी चूक सापडली की मी कोणाची कोणी नाही."

वर्षभरात ती केस आली. वेल्सच्या सीमेलगत, पण इंग्लंडच्या बाजूला, दरीत बसलेलं एक गाव. डोंगर आडवा येत असल्यामुळे तिथे एरियल चालत नाही. सगळं गाव एका छोट्या केबल कंपनीवर. कंपनी दोन स्टेशनं दाखवायची: एक इकडचं, स्थानिक, दुसरं डोंगरापलीकडचं, वेल्सचं. स्थानिक स्टेशनची तक्रार होती की दोन्हीकडे मालिका त्याच, लोक त्या तिकडच्या स्टेशनवर बघतात, आमच्या जाहिराती कोण बघणार? नियम स्वच्छ होता. स्थानिक स्टेशनने हरकत घेतली तर लांबचं स्टेशन बंद. मी तासाभरात ऑर्डरचा मसुदा लिहून तिच्या टेबलावर ठेवला.

तिने तो वाचला. "छान लिहिलंयस. गाव बघितलंस?"

"मावशी, पण रूल तर क्लिअर आहे ना?"

"लंडनमध्ये आहे. उद्या सकाळची ट्रेन बुक कर. दोन तिकिटं."

बर्मिंगहॅमला ट्रेन बदलली, मग दोन डब्यांची गाडी, मग बस. मावशी शाळेच्या ट्रिपला निघाल्यासारखी खिडकीला नाक लावून बसली होती. गावात उतरल्यावर आम्ही नदीकाठच्या वृद्धांच्या फ्लॅट्समध्ये गेलो. तिथली देखभाल ग्वेन नावाची एक रिटायर्ड नर्स करायची. मावशीने तिला विचारलं, "लांबचं स्टेशन बंद झालं तर तुमचं काय अडेल?"

ग्वेनने आम्हाला खिडकीशी नेलं. "ही नदी वेल्समधून येते. वरती पाऊस झाला की काही तासांनी पाणी आमच्या दारात. तिकडच्या बातम्यांमध्ये वरच्या गावांची नावं ऐकली की मी सगळ्यांना वरच्या मजल्यावर न्यायला लागते. इंटरनेट आहे हो, पण माझी माणसं नव्वदीची आहेत, ती टीव्ही बघतात. आणि इकडचं स्टेशन? त्यांच्या नकाशात नदी सीमेवरच सुरू होते!"

मी हळूच मराठीत म्हणाले, "मावशी, म्हणजे तो नदी जर…"

"ती नदी," मावशीने दुरुस्त केलं. पण तिचा चेहरा उतरला होता. बाहेर आल्यावर ती पुलाच्या कठड्याला टेकली. "हा नियम मी लिहिलाय गं. मी नवीन होते तेव्हा. नकाशावर रेघ ओढली आणि इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. नदीचा विचारच केला नाही."

दुपारी ती मला स्थानिक स्टेशनवरही घेऊन गेली. दुकानावरच्या दोन खोल्या, एक मॅनेजर, एक वार्ताहर. कौन्सिलच्या प्रत्येक मीटिंगला जाऊन बसणारी सगळ्या जिल्ह्यात ती वार्ताहर एकटीच. "जाहिराती गेल्या की मी गेले," ती म्हणाली. मावशीने तेही वहीत लिहून घेतलं.

महिन्याभराने गावच्या टाउन हॉलमध्ये सुनावणी झाली. हॉल खच्चून भरलेला. मंचावर निकाल देणाऱ्या तिघांच्या खुर्च्या, मधली मावशीची. स्थानिक स्टेशनच्या वकिलाने नियम वाचून दाखवला आणि तो बसला. आता निकालाची भाषा सुरू होणार, असं वाटत असताना मावशी उठली. मंचाच्या पायऱ्या उतरली आणि साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसली! माझ्या हातातलं पेन गळून पडलं.

"या केसमध्ये मला निकाल देता येणार नाही," ती म्हणाली. "मला साक्ष द्यायची आहे. हा नियम या गावासाठी चुकीचा आहे."

वकील ताडकन उठला. "मॅडम, हा नियम तुम्हीच लिहिलेला आहे!"

"हो. म्हणून तर चूक नेमकी कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

हॉलमध्ये हशा उसळला, टाळ्या सुरू झाल्या. ती मात्र हसली नाही. तिने तोडगा मांडला: दोन्ही स्टेशनं राहू देत. जी मालिका दोन्हीकडे एकाच वेळी लागते, ती फक्त स्थानिक स्टेशनवर दिसावी, म्हणजे त्यांच्या जाहिराती वाचतील. पण बातम्यांना आणि पुराच्या इशाऱ्यांना कोणी हात लावू नये. "या बाई जगल्या पाहिजेत," तिने ग्वेनकडे बोट केलं; मग वार्ताहराकडे, "आणि यांची नोकरीही."

खुर्ची सोडल्याबद्दल ऑफिसातून तिला एक कोरडं पत्र आलं. निवृत्ती जवळच होती, तिने ती आधीच घेतली आणि बर्मिंगहॅमला मुलीकडे राहायला गेली. निरोपाच्या दिवशी मी रडत होते आणि ती मला फायली कुठल्या कपाटात आहेत ते सांगत होती.

मंचावरच्या उरलेल्या दोघांनी दोन महिन्यांनी निकाल दिला. जवळपास शब्द न् शब्द तिचाच तोडगा! मी धावत जिन्यात गेले आणि फोन लावला. ती बसमध्ये होती. "मावशी, जिंकलो!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की मागून ड्रायव्हरचा काळजीचा आवाज आला, "यू ऑल राइट, लव्ह?"

"स्टेशनवाल्यांना कसं कळवणार आहेस?" तिने लगेच विचारलं.

"निकालाचं लेटर जाईल ना आज."

"नको. तू स्वतः फोन कर. त्यांनी बंदी मागितली होती, ती मिळाली नाही. ज्याला नाही म्हटलंय, त्याला नुसत्या पत्राने कळवू नये. त्याचं ऐकून घ्यावं. चल, ठेव फोन."

मी फोन केला. मॅनेजर पंधरा मिनिटं माझ्यावर चिडून बोलला. मी मध्ये बोलले नाही. दमल्यावर तो थांबला आणि म्हणाला, "तरीपण, फोन केलात, बरं वाटलं."

आता मावशीच्या जागी मी बसते. निकाल लागला की सगळ्यात आधी मी हरलेल्यांचा नंबर फिरवते.