लाल टाचणी, पिवळी टाचणी

पडदा वर जातो. शिक्षण कार्यालयाची मागची खोली. भिंतभर जिल्ह्याचा नकाशा, समोर स्टुलावर उभी एक ठेंगणी बाई, ओठांत टाचण्या. खालून स्टूल धरलेला शिपाई ओरडतोय, "बाई, गिळू नका हं, निम्मा जिल्हा पोटात जाईल!" रंगमंचावर मी कितीतरी राण्यांचे प्रवेश पाहिले, पण असा एकीलाही साधला नाही. या माझ्या वहिनी. कार्यालयात त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत.

साहेबांच्या अहवालात शिक्षकांचा तुटवडा नव्हताच. सगळ्या जिल्ह्याची मुलं, सगळ्या जिल्ह्याचे शिक्षक, भागाकार चोख. वहिनींनी जिल्ह्याचेच भाग पाडले: शहर, नदीकाठ, डोंगर. मग दिसलं की शहरात शिक्षकांना बसायला खुर्च्या पुरत नाहीत आणि डोंगरात शाळांना कुलपं आहेत. शिक्षक नाही तिथे लाल टाचणी, आहे तिथे पिवळी, जास्त तिथे हिरवी. साहेबांना पटलं. हुकूम निघाला: शहरातले जादा शिक्षक आधी डोंगरात पाठवा, नोकरीत सगळ्यात नवा असेल तो पहिला.

शहरातल्या शाळांत सगळ्यात नवी शिक्षिका होती वहिनींची सून.

त्या संध्याकाळी जेवताना दादा, म्हणजे माझा भाऊ, बायकोला म्हणाला, "नदीकाठच्या शाळेत जागा आहे ना? ती शाळा शहराच्या भागात धर. रेघ बोटभर सरकव, म्हणजे तिची बदली तिथेच होईल. सूनबाई रोज घरी येईल. कुणाचं काय जातंय?"

"डोंगरातल्या पोरांचं जातंय."

"आणि आपल्या नातीचं?"

वहिनींनी ताट अर्धं टाकून हात धुतले. रेघ सरकली नाही. सुनेने चकार शब्द न काढता सामान बांधलं आणि पोरीला घेऊन गेली. मुलगा कित्येक महिने आईशी हो-नाहीपलीकडे बोलला नाही.

सून डोंगरातल्या शाळेत हजर झाली, तशी नकाशावर तिथली लाल टाचणी निघून पिवळी लागली. घोळ झाला तो इथेच. कार्यालयाचं लक्ष फक्त लाल टाचण्यांवर. बाई एकटी, वर्ग चार, पण टाचणी पिवळी, म्हणजे भागलं! दुसरा शिक्षक कुणी पाठवेना. वहिनींना हे कळलं ते निवृत्तीनंतर, सून सहज म्हणाली तेव्हा, "आई, मला आजारी पडायचीसुद्धा सोय नाही हो."

दुसऱ्याच दिवशी वहिनी कार्यालयातल्या नव्या साहेबांसमोर उभ्या. "रंग ठरवताना मी चुकले. एकच शिक्षक असलेली शाळा पिवळी धरायला नको होती."

"बाई, आता टाचण्या गेल्या. सगळं संगणकावर असतं."

"मग संगणकावर चुकलंय."

साहेब हसले, बघतो म्हणाले, आणि बघतच राहिले. वहिनी पुन्हा पुन्हा जात राहिल्या. एकदा त्याच कार्यालयाच्या जिन्यात कोसळल्या.

दवाखान्यात आम्ही सगळे खाटेभोवती होतो. सून पहिल्या गाडीने आली आणि सासूचा हात धरून रडू लागली. इतक्या वर्षांचं न बोललेलं सगळं त्या रडण्यात होतं. वहिनींनी डोळे उघडले.

"आज वार कोणता गं?"

"बुधवार, आई."

"शाळेत कोण आहे?"

"कुणी नाही. कुलूप लावून आले. तुम्ही बोलू नका बरं."

वहिनींनी तिचा हात घट्ट दाबला, मग हळूच सोडला.

"निघ बाळ. दुपारची गाडी मिळेल."