नव्या खोळीतला जुना कापूस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गादीवाल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लांबोडकी खोली. मागच्या भिंतीला पिंजणयंत्र, पुढे सतरंजी, आणि सतरंजीवर बसून दाभणाने टाके घालणारी त्यांची बायको. यंत्र चालू झालं की हवेत कापूस असा भरतो की काळ्या केसांचा माणूस आत जावा आणि म्हातारा होऊन बाहेर यावा. छताला एक पंखा आहे. पिंजताना तो बंद, टाके घालताना चालू. तो लावला तेव्हा गादीवाल्यांची मुलगी रांगत होती. आता ती मोठ्या शहरात हिशेबाची नोकरी करते, पण पंख्याने अजून एकदाही कुरकुर केलेली नाही.

या पंख्यावर गादीवाल्यांचा भारी जीव. इतका, की तो बनवणाऱ्या कंपनीचे त्यांनी शेअर घेतले. "पंखा इतका इमानी, तर कंपनी बेइमान कशी असेल?" हा त्यांचा बिनतोड सवाल. घेतले तेव्हा एका शेअरला एका अभ्र्याचे पैसे पडले होते. मग भाव उतरायला लागला, आणि उतरत उतरत एका बटणावर आला.

"पंखा फिरतोय वर आणि भाव चाललाय खाली," बायको म्हणायची.

"अभ्र्याचा भाव परत आला ना, की त्याच दिवशी हे यंत्र तुझ्या भावाला देऊन टाकतो. मग मी मोकळा!"

मेहुण्याचंही गाद्यांचंच दुकान, शेजारच्या गावात. या यंत्रावर त्याचा जुना डोळा. तो हे बोलणं हसून ऐकायचा, पण विसरायचा नाही.

एका सकाळी गादीवाल्यांनी सवयीने मोबाईल उघडला आणि ओरडले, "अभ्रा! अगं, अभ्रा झाला!"

"कुणाचा?"

"शेअरचा! काल बटण होतं, आज अभ्रा. एका रात्रीत दहापट!"

बायको काही म्हणायच्या आत त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "ये. यंत्र घेऊन जा. शब्द म्हणजे शब्द."

मेहुणा जणू चप्पल घालूनच बसला होता. दुपारच्या आत टेम्पो दारात. दोघांनी यंत्राचा पट्टा काढला, बोल्ट सैल केले. गादीवाले शीळ घालत होते, पण यंत्राच्या पाठीवरून त्यांचा हात पुन्हा पुन्हा फिरत होता. तिशीपासून त्याच यंत्राने त्यांना जेवू घातलं होतं. घरात दुसरी मिळकत नव्हती.

बायकोने दाभण कापडात खोचून ठेवलं. "अहो, भाव पाहिलात. एकूण किती झाले ते पाहिलंत का?"

"त्यात काय पाहायचं? दहापट!"

"तरी दाखवा."

त्यांनी दाखवलं. एकूण रक्कम जवळजवळ कालच्याएवढीच होती. गादीवाल्यांनी मोबाईल झटकला, पुन्हा पाहिलं. शिट्टी थांबली. त्यांनी मुलीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"बाबा, मागेच सांगितलं होतं ना? कंपनी दहा शेअर एकत्र करणार आहे म्हणून."

"मला वाटलं, एका कपाटात ठेवणार असतील."

पलीकडे मुलगी एवढी हसली की टेम्पोवाल्यालाही हसू फुटलं. "कपाट नाही हो. तुमच्या दहांचा आता एकच शेअर झाला. म्हणून एकाची किंमत दहापट. दोनशे पाचचे झाले वीस. उरलेल्या पाचांचा अर्धाच शेअर होतो, त्याचे पैसे खात्यात येतील. तुम्ही काही कमावलं नाही आणि काही गमावलंही नाही."

"मग हा खटाटोप कशाला?"

"भाव फारच पडला की बाजारातून नाव काढून टाकतात. ती वेळ येऊ नये म्हणून आकडा मोठा केला."

"म्हणजे खोळ बदलली," बायको म्हणाली. "आत कापूस तोच."

गादीवाले मटकन सतरंजीवर बसले. "आणि तो कापूस कसा आहे गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"गुठळ्या झाल्यात, बाबा. तीन वर्षं तोटा. नुसत्या एकत्रीकरणाने असे भाव पुष्कळदा पुन्हा घसरतात. काही कंपन्या सावरतात, पण त्या धंदा सुधारून. या कंपनीत तसं काही मला दिसत नाही."

आता सगळे मेहुण्याकडे पाहू लागले. यंत्र अर्धं उंबऱ्याबाहेर होतं.

"दाजी, शब्द म्हणजे शब्द ना?" मेहुण्याने मिशीला पीळ दिला.

"शब्द अभ्र्याचा होता रे," गादीवाले पडलेल्या आवाजात म्हणाले. "अभ्रा आला कुठे? दहा बटणं एका दोऱ्यात ओवली, एवढंच."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. तिने दाभण पुन्हा हातात घेतलं होतं, आणि त्याचं टोक बरोबर त्याच्याकडे होतं. तो खो खो हसला. "राहू दे. पण टेम्पोचं भाडं तुमचं, आणि माझी गादी फुकट पिंजून द्यायची."

"दोन पिंजतो!" गादीवाले उठलेसुद्धा.

यंत्र जागेवर गेलं. त्याच आठवड्यात त्यांनी शेअर विकून टाकले. आलेल्या पैशांत टेम्पोचं भाडं भागलं आणि यंत्राला नवा पट्टा आला.

परवा एक गिऱ्हाईक चपटी झालेली गादी घेऊन आलं. "आतलं राहू द्या. वरची खोळ तेवढी नवी घाला, झकास दिसेल."

गादीवाल्यांनी बायकोकडे पाहायचं टाळलं, पण ती आधीच तोंडाला पदर लावून हसत होती.

"उसवू द्या, साहेब," गादीवाले म्हणाले. त्यांनी पंखा बंद केला आणि पहिला टाका कापला.