बसलेल्या माणसाची जागा

नाना आधी मारायचे आणि मग विचारायचे. माझी त्यांची ओळखही तशीच झाली. इकडे आखातात, अहमदी गावाच्या पलीकडे वाळवंटात एका टेकाडाला तारेचं कुंपण आहे. हजारो वर्षांपूर्वी दगडाची हत्यारं घेऊन हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचा तिथे तळ होता, म्हणून सरकारने ती जागा राखून ठेवली आहे. उत्खननाचे नकाशे काढायला मी नवा लागलो होतो. पहिल्याच दिवशी आखलेल्या दोरीपलीकडे पाय टाकला आणि पोटरीवर सणसणीत काठी बसली. वळून बघतो तर साठीचा एक बुटका माणूस मला विचारत होता, "कोन तुमी?" हेच नाना, आमचे हारिस, म्हणजे पहारेकरी.

हिवाळ्यात लोक वाळवंटात तंबू ठोकायला येतात. एकदा असाच एक जण वाळूत पळवायची मोटर-बग्गी घेऊन कुंपणाच्या आत घुसला. नानांनी चाकात लोखंडी पहार फेकली. तो उलटा होऊन पडला, त्याचा ओठ फाटला. मग त्याच्या मित्रांनी मिळून नानांना असं तुडवलं की दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन नाना गेटवर हजर. आमच्याच पाण्याच्या टँकरने वळण चुकवलं तेव्हा नानांनी त्याचीही काच फोडली. उत्खननाच्या प्रमुख बाई झापायच्या, नाना मान खाली घालून ऐकायचे आणि आठवड्याभरात पुन्हा कुणाचं तरी डोकं फुटायचं. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची. तरी दुपारी त्यांच्या खोपटातला कोरा चहा प्यायल्याशिवाय मी कधी परत निघालो नाही.

नाना रत्नागिरीकडचे पाथरवट. जाती आणि पाटे-वरवंटे घडवण्यात उमेदीची वर्षं गेली. घरोघर मिक्सर आले तशी छिन्नी ठेवून त्यांनी इकडची वाट धरली. एवढं दगडातलं आयुष्य, पण तळावरचा एक खडाही त्यांनी कधी उचलला नाही. उकिडवे बसून नुसते बघत राहायचे.

असंच बघताना एकदा त्यांनी मला हाक मारली. जमिनीवर गारगोटीच्या कपच्या विखुरल्या होत्या आणि मधेच थोडी जागा मोकळी होती. "हितं मानूस बसलेला व्हता, सायब," नाना म्हणाले. "डावा पाय लांब, उजवा दुमडून. दगड घडवताना कपच्या मांडीवर पडत्यात, मांडीखाली जात न्हाईत. मी आसाच बसायचो." मी बाईंना बोलावलं. त्या गुडघ्यांवर बसल्या. मग स्वतः ब्रश घेऊन त्यांनी वरची वाळू झाडली, घाईत दोन तिरके फोटो काढले आणि मला बजावलं, की उद्या एकेक कपची मोजून नकाशात घे, तोवर इथे कुणी हात लावायचा नाही. नानांनी त्या जागेभोवती स्वतः दोरी बांधली.

तो उद्या गुरुवार होता. शहरात बनेद अल-गारला मित्राकडे सुरमईचं जेवण होतं, म्हणून मी काम अर्ध्यावर टाकून निघालो. नाना म्हणाले, आजच उरका, वाऱ्याचा भरवसा नाही. मी ऐकलं नाही.

मन खात होतं म्हणून शुक्रवारी सुट्टी असूनही फिंतासच्या माझ्या खोलीवरून सामान घेऊन निघालो. पोचलो तेव्हा गेटपाशी एक पिकअप उभी होती. दोन माणसं शौकिनांना विकायला बाणांची टोकं वेचत आत शिरली होती. नाना आल्यावर त्यांनी दगड टाकून दिले होते आणि ती गेटबाहेर पडलीही होती. पण नानांनी एकाची मान धरून त्याला पुन्हा आत ओढलं. "जिधर से उठाया उधर रख," म्हणत त्याचं नाक फोडलं, रक्ताने माखलेला तो माणूस फरफटत टेकाडावर नेला. मी ओरडत धावलो. दुसऱ्याने जॅकचा दांडा नानांच्या खांद्यावर घातला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिघेही दोरीवर कोसळले आणि त्या मोकळ्या जागेवर गडबडा लोळले.

नानांनी खाली पाहिलं आणि त्यांचे हातच गळाले. त्यानंतर दांड्याचे आणखी दोन तडाखे त्यांनी नुसते खाल्ले. मी मधे पडल्यावर ती माणसं पळाली. कपच्यांचा पार विचका झाला होता.

मी त्यांना दवाखान्यात चला म्हणालो. ते चार पावलं बाजूला कोऱ्या वाळूत जाऊन बसले. डावा पाय लांब, उजवा दुमडून. "माज्याभवती रेघ मारा," म्हणाले. मी मारली, मोजली, कागदावर उतरवली.

नाक फुटलेल्याने पोलिसांत तक्रार केली. चोरीचा माल त्याच्याकडे सापडायचा प्रश्नच नव्हता. नानांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करून त्यांना गावी पाठवायचं ठरलं. बाईंनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हे मूळ जागेवरून काढलंय का? मी नाही म्हणालो. त्यांनी तो मला परत दिला.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. नानांचा हात गळ्यात बांधलेला होता. आत जाताना त्यांनी विचारलं, "बाईंना दिलात कागद?"

"दिला."

"चालला त्यांना?"

"चालला, नाना."

"मंग झालं," म्हणाले आणि रांगेत जाऊन उभे राहिले.