मामांनी माईक बंद केला नाही

माझे मामा लाउडस्पीकरवाले. लग्न असो, निवडणूक असो की शाळेचं संमेलन, कर्णे त्यांचेच. जन्मभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारा हा माणूस स्वतः मात्र मोजकंच बोलायचा. मामी चेष्टेनं म्हणायची, "यांना बोलतं करायचं तर आधी वायर जोडावी लागते."

सरहद्दीवरच्या लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात मामीची दाढ ठणकायला लागली. ती आज जाते, उद्या जाते करत टाळत होती. शेवटी मामाच वैतागून म्हणाले, "जा बाई, एकदाची काढून ये." ती गेली आणि दातांच्या दवाखान्याच्या गल्लीवरच बॉम्ब पडला. आपण तिला काय म्हणालो होतो, ते मामांनी फक्त माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या बहिणीला सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही.

लढाई थांबल्यावर चौकात शहीद सैनिकांचं स्मारक झालं. दर वर्षी तिथं सभा भरायची. हार, भाषण, मग सगळे उभे राहून शांतता पाळायचे. मामा पहाटेच जाऊन कर्णे बांधत, "हॅलो, हॅलो" करून माईक तपासत आणि खांबाआड जाऊन बसत. मामीचा उल्लेख तिथं कधी झाला नाही. ती सैनिक थोडीच होती!

एका वर्षी पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली. ऊन चढलं, लोक चुळबुळ करायला लागले. स्मारक समितीचे सचिव मामांना म्हणाले, "काहीतरी बोलत राहा हो, नाहीतर माणसं उठून जातील."

मामा माईकपाशी गेले. "हॅलो, हॅलो," म्हणाले आणि थांबले. मग एकदम म्हणाले, "माझी बायकोसुद्धा त्याच लढाईत गेली. दाढ काढायला गेली होती. मीच पाठवलं होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी आईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

मामा बाजूला झाले, तशा दूधवाल्या आजी पुढं आल्या. माईक दोन्ही हातांनी धरून त्यांनी आपल्या नातवाचं सांगितलं. पतंग आणायला गच्चीवर गेला होता, एवढंच. त्यांच्यामागून शाळेचे जिने धुणारी बाई आली. ती सरहद्दीपलीकडची, लढाईनंतर लग्न होऊन इकडं आलेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

"माझा भाऊ सरहद्दीच्या पुलावर मेला," ती म्हणाली. "पलीकडच्या बाजूनं लढताना."

चौकात कुजबुज सुरू झाली. सचिव धावत आले. "मामा, माईक बंद करा! आधी बंद करा!"

मामांचा हात बटणापासून वीतभर लांब होता. तो त्यांनी सावकाश खिशात घातला. "तिचं बोलून होऊ दे," ते म्हणाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतला लोहार उठला. त्याचा मुलगा त्याच पुलावर गेला होता, स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं होतं. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. लोहार तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"केवढा होता?" त्यानं विचारलं.

"एकोणीस."

"माझा वीस." त्यानं पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "उन्हात उभी राहू नकोस. बस तिथं." आणि त्यानं तिला आपली खुर्ची दिली. दोघं-तिघं पाय आपटत निघून गेले. बाकीचे थांबले.

पुढच्या वर्षी समितीनं मामांना बोलावलं नाही. दुसऱ्या कुणाचे तरी चकचकीत कर्णे लागले. तरी मामा इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा श्रोत्यांत बसले. भाषण संपवून अध्यक्ष "आपल्या वीर सैनिकांसाठी आता आपण उभे राहू या," म्हणाले.

"आणि बाकीचे?" खालून लोहारानं विचारलं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. कागदात पाहिलं, तिथं काही लिहिलेलं नव्हतं. "आणि बाकीचे सगळे," ते पुटपुटले. "इकडचे... तिकडचेसुद्धा."

सगळे उभे राहिले. मामांच्या शेजारी जिने धुणारी बाई उभी होती.

घरी परतताना मी विचारलं, "मामा, बरं वाटलं का?"

"कर्ण्यांचा आवाज जरा फाटत होता," मामा म्हणाले. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं."