सुलभाताईंची व्हिएतनामी पौर्णिमा

सुलभाताई पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा वाचतात. तेही आमच्या पापाटोएटो उपनगरातल्या कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे वाण्याच्या दुकानात, मागे रांग खोळंबलेली असताना! "वाचायला काय जातंय? पोटात माझ्या जायचंय." तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांचा आवाज ऐकला की मी अजूनही नकळत बाही वर करतो.

या शेजारीणबाईंना आम्ही नवरा-बायकोनं व्हिएतनामला नेलं, ही माझ्या हातून घडलेली सर्वांत शूर चूक. हनोईत स्कूटरींच्या लोंढ्यात त्या हात वर करून शिरल्या आणि अख्खा रस्ता त्यांना वळसा घालून गेला. भेटेल त्याला "किया ओरा!" असा आमच्याकडचा माओरी नमस्कार ठोकायच्या. "इंग्रजी सोडून परदेशी मला एवढंच येतं. मग वापरायला नको?" पण ताई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे जेवणाचे हाल. पालेभाजीतही माशाचा सॉस! चार दिवस बाई केळी आणि पावावर होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी भातखाचरांमधल्या एका घरी उतरलो. बदकं सोडली तर कुणाचा आवाज नाही. घरच्या सुनेला इंग्रजी येत होतं. ती म्हणाली, "आज पौर्णिमा. आमच्या आजी आज मांसमच्छी खात नाहीत. सगळा स्वयंपाक शाकाहारी." आणि समोर आलं काय काय! टोमॅटोतलं टोफू, कोवळ्या फणसाची भाजी, मूगडाळ घातलेला वाफाळता चिकट भात.

मी टाळीच वाजवली. ताईंचा चेहरा मात्र पडला.

"अविनाश, मेले रे! पौर्णिमेचा माझा उपवास. डबल शिफ्टमध्येसुद्धा कधी मोडला नाही."

"ताई, देव काय व्हिसा काढून येणार आहे बघायला?"

"गप्प बस, चहाटळ कुठला!"

त्यांनी ताट हळूच पुढे सारलं. नजर मात्र भातावरच. सुनेनं नव्वदीच्या आजींना अडचण सांगितली. आजी उठल्या, ताईंना खेटून बसल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

सून हसली. "आजी म्हणतात, हाच तर उपवास. त्या सत्तर वर्षं असाच करतायत."

"सत्तर?" ताई ताठ झाल्या. "माझी तीसच झालीत. म्हणजे या मला सीनियर."

आणि सीनियरचा शब्द मोडणं त्यांच्या रक्तातच नाही. त्यांनी ताट ओढलं. तिसऱ्यांदा भात घेताना माझ्यावर डोळे वटारले, "बघतोस काय? कडक उपवास आहे माझा!"