तीन नंबरची हाक

शेजारच्या वसंतकाकांनी बागेत छोटी आगगाडी मांडली आहे. तिचे रूळ कढीपत्त्याला वळसा घालून जास्वंदीखालून जातात. आज सकाळी मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. काकांनी हातातल्या रिमोटवरून जुन्या इंजिनाला हुकूम सोडला. ते निघालं, आणि समोर उभं असलेलं नवं कोरं इंजिनही निघालं, थेट त्याच्या अंगावर! काकांनी घाईघाईने लाल बटण दाबलं तेव्हा दोघांत जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं.

"नंबर बदलायचा राहिला बघ," काका मला म्हणाले. "प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप असते. कारखान्यातून येताना सगळ्यांचा नंबर तीनच. जुनं मी तीनवरच ठेवलंय. नव्याला वेगळा दिला नाही, तर तीनला हाक मारली की दोघंही धावणार."

ते ऐकून मला चैन पडेना. हातातली चादर मी उगीचच झटकत राहिले. त्या नव्या इंजिनाचं चुकलं तरी काय? हाक आली, ते निघालं. माझंही तेच. शेजारची बेल वाजली तरी माझे पाय आधी दाराकडे वळतात, हाक कुणाला होती ते मागून कळतं. मला असा वेगळा नंबर कधी कुणी दिलाच नाही का? की तो आपला आपणच घ्यायचा असतो?

काकांनी नवं इंजिन वेगळ्या रुळावर ठेवून त्याला सात नंबर दिला. मग आपल्या घराकडे तोंड करून काकूंना हाक मारली, "अगं, चहा टाक जरा!"

कुंपणाच्या अलीकडे मी चादर तशीच टाकून स्वयंपाकघराकडे निघालेही होते.